पोटावरील पिशवी आणि परिचारिकेचे ज्ञान

गळीत हंगाम सुरू व्हावयास आता फार अवकाश नाही. कारखान्याच्या चिमण्या पेटल्या की टोळ्या येतील, पडाव पडतील आणि आपल्या भागातील दवाखान्यांच्या पायऱ्यांवर नेहमीचे रोगी दिसू लागतील. कोयत्याने कापलेली बोटे, पाचटाने ओरखडलेले हात, हिवताप, विंचूदंश. त्यांच्याविषयी या पानावर वेळोवेळी लिहून झाले आहे. आज ज्या रोग्याविषयी लिहावयाचे आहे तो पायरीवर दिसत नाही, कारण तो घराबाहेरच पडत नाही. त्याच्या पोटावर पिशवी आहे.

आतडे फाटले, सडले अगर त्यात कर्करोगाची गाठ झाली म्हणजे पुष्कळदा शल्यविशारद आतड्याचे एक टोक पोटाच्या कातडीतून बाहेर काढून तेथेच शिवतात. या नव्या वाटेला ‘स्टोमा’ म्हणतात. शब्द ग्रीक आहे व नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत ‘तोंड’ या अर्थी तो ठिकठिकाणी येतो. मोठ्या आतड्याचे टोक बाहेर आणले तर कोलोस्टॉमी, लहान आतड्याचे आणले तर इलिओस्टॉमी. या तोंडाला आवळून धरणारा स्नायू नसतो. मल केव्हाही बाहेर येतो, म्हणून त्यावर चिकटणारी पिशवी लावावी लागते.

हा शहरातल्या श्रीमंतांचा रोग आहे अशी समजूत कोणी करून घेऊ नये. अंगावर काढलेल्या विषमज्वराने आतड्याला भोक पडते. आतड्याच्या क्षयाने आतडे आवळून बंद होते. बैलाचे शिंग पोटात घुसते. कामरेजवरून जाणाऱ्या हमरस्त्यावर अपघात तर नित्याचेच आहेत. काही बाळे गुदद्वाराची वाटच नसलेली जन्मतात व त्यांना जन्मल्यावर एकदोन दिवसांतच स्टोमा करावा लागतो. यांपैकी पुष्कळांची पिशवी तात्पुरती असते. काही महिन्यांनी दुसरी शस्त्रक्रिया करून आतडे पुन्हा जोडतात. गुदाशयाच्या कर्करोगात मात्र कित्येकदा ती जन्मभराची असते.

आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की परमगुरू पोप दुसरे जॉन पॉल यांच्याही पोटावर ही पिशवी होती. १३ मे १९८१ रोजी संत पेत्राच्या चौकात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एका गोळीने आतडी फाटली. रोममधील जेमेल्ली रुग्णालयात पाच तासांहून अधिक काळ शस्त्रक्रिया चालली व आतड्याला विश्रांती मिळावी म्हणून तात्पुरती कोलोस्टॉमी करण्यात आली. ५ ऑगस्ट १९८१ रोजी दुसऱ्या शस्त्रक्रियेने ती बंद केली. म्हणजे सुमारे बारा आठवडे ख्रिस्तसभेचा प्रमुख मेंढपाळ पोटावर पिशवी बाळगून होता. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आपल्या वस्तीत पिशवीवाल्या माणसाच्या हातचे पाणी न पिणारी माणसे आम्ही पाहिली आहेत.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. शल्यविशारदाचे काम दोनचार तासांत आटोपते. पुढचे सारे परिचारिकेच्या हातात असते, आणि आमचे स्पष्ट मत असे की आपल्या भागात नेमकी हीच बाजू लंगडी आहे. शस्त्रक्रिया करणारे हात सुरतेत आहेत. पिशवी कशी लावावी, कातडी कशी जपावी, रोग्याने काय प्यावे व काय टाळावे हे रोग्याच्या गावापर्यंत येऊन सांगणारे कोणी नाही. परिचारिकेच्या अभ्यासक्रमात कोलोस्टॉमीवर पाठ असतो. परीक्षेत त्यावर प्रश्न येतो व मुली उत्तरही नीट लिहितात. परंतु परीक्षेत लिहिलेली पिशवी आणि घामेजलेल्या पोटावर चिकटवलेली पिशवी यांत फार अंतर आहे. शिक्षणाच्या साऱ्या वर्षांत एकदाही स्वतःच्या हाताने पिशवी न बदललेल्या परिचारिका आम्हांला भेटल्या आहेत. त्यांनीच ते मोकळेपणाने सांगितले, हा त्यांचा प्रामाणिकपणा.

यात दोष मुलींचा नाही. रात्रपाळीला एका परिचारिकेच्या वाट्याला अख्खा कक्ष असेल तर एका रोग्याच्या उशाशी अर्धा तास बसून तिने शिकवावे तरी कधी? शिकवणे हे काम म्हणून कोणी मोजतच नाही. सुई टोचली, सलाईन लावले, त्याची नोंद होते. शिकवले याची नोंद कोठे होत नाही.

परिणाम काय होतो ते पाहा. आमच्या ओळखीच्या एका ऊसतोड कुटुंबातील बाईला, नावगाव सांगण्याचे कारण नाही, लहान आतड्याचा स्टोमा करून घरी पाठवले. बरोबर इंग्रजीत लिहिलेला कागद आणि चार पिशव्या. चारही पिशव्यांची भोके एकाच मापाने कापलेली होती. स्टोमा सुरुवातीला सुजलेला असतो व पुढील सहा ते आठ आठवड्यांत आकसत जातो, म्हणून प्रत्येक वेळी नवे माप घ्यावे लागते, हे कोणी सांगितले नव्हते. तिसऱ्या पिशवीपर्यंत भोक सैल झाले व भोवतालच्या उघड्या कातडीवर पातळ मल साचू लागला. लहान आतड्यातून येणाऱ्या मलात अन्न पचवणारे रस असतात. ते कातडीही पचवू पाहतात. कातडी सोलून निघाली. जवळच्या दवाखान्यात दाखवले तेव्हा तेथील परिचारिकेने सद्भावनेने त्यावर स्पिरिट लावले. त्या बाईची किंकाळी ऐकून पुढे कोणी पिशवी बदलण्यास धजेना. नवऱ्याने जुनेर फाडून पोटाला गुंडाळले. मग वास सुटला. बाई प्रथम मंदिरात दाराजवळ बसू लागली, नंतर मिस्सेला येईनाशी झाली. दोन आठवड्यांची योग्य निगा मिळताच तीच कातडी भरून आली, यावरून वाचकांनी काय ते ओळखावे.

अशी निगा कठीण नाही. साध्या कोमट पाण्याने कातडी धुवावी, मऊ कापडाने टिपून कोरडी करावी. स्पिरिट, डेटॉल, हळद, तूप, राख यांतले काहीही नको. खोबरेल लावले तर पिशवी चिकटतच नाही. स्टोम्याच्या मापापेक्षा दोनतीन मिलिमीटर मोठे भोक कापावे, अधिक नाही. पिशवी एकतृतीयांश भरली की रिकामी करावी, कारण जड झाली की आपल्याच वजनाने ती सुटते. चांगली पिशवी साधारणपणे तीन ते पाच दिवस टिकते, पण चैत्र-वैशाखात घामामुळे तितकी टिकेलच असे नाही. पिशव्यांचा साठा पत्र्याच्या झोपडीत छताशी टांगू नये, उन्हाने डिंक वितळतो. सावलीत, कोरड्या जागी ठेवावा. स्टोम्याचा रंग ओठांच्या आतील बाजूसारखा लालसर व ओला असावा. त्याला स्पर्शाची वेदना नसते. पुसताना थेंबभर रक्त आले तर घाबरू नये. मात्र तो काळा-निळा दिसला, रक्त थांबेना, पोटात कळा येऊन उलट्या सुरू झाल्या व पिशवीत काहीच येईना, तर सकाळची वाट न पाहता सुरत गाठावी.

लहान आतड्याच्या स्टोम्याविषयी आम्हांला अधिक काळजी वाटते, कारण येथे चूक प्राणावर बेतते. मोठे आतडे पाणी व मीठ शोषून घेण्याचे काम करते. ते वाटेतून वगळले गेले म्हणजे शरीरातील पाणी व मीठ पिशवीत जाते. बसलेल्या घडीला दिवसाकाठी अर्धा ते पाऊण लिटर मल येणे ठीक. दीड लिटरच्या वर गेला तर तो धोक्याचा इशारा. अशा वेळी माणसाला तहान लागते व घरचे लोक प्रेमाने उसाचा रस पाजतात. आपला तर मुलूखच उसाचा! परंतु नुसते गोड पेय आतड्यात उलट पाणी ओढून घेते व पिशवी अधिकच भरते. नुसते साधे पाणी ढसाढसा प्यायल्यानेही मीठ भरून निघत नाही. येथे मीठ-साखरेचे पाणी हवे. आरोग्य केंद्रात मिळणारी पुडी सांगितलेल्या मापाच्या पाण्यात घालावी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. तेवढ्याने भागले नाही, लघवी कमी झाली, पायांत गोळे आले, तर रुग्णालयात न्यावे. हे एवढे वाक्य घरी परतणाऱ्या रोग्याला त्याच्या भाषेत न सांगणे म्हणजे शस्त्रक्रिया अर्ध्यावर सोडणे होय.

खाण्याचेही तसेच. ऊस चघळताना चोथा गिळू नये. मक्याचे कणीस, ओले खोबरे, आणि आपल्या डांग-नवापूरकडील मंडळींच्या आवडीचे वास्ते, यांच्या दशा आतड्याच्या तोंडाशी अडकतात. पहिले दीडदोन महिने ती टाळावीत, पुढे थोडी थोडी व चांगली चावून खावीत.

आणि पिशवी बसवायची जागा! याविषयी कोणी बोलतच नाही. स्टोमा पोटावर नेमका कोठे काढावा हे शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला निजवून, बसवून, उभे करून व वाकवून ठरवावयाचे असते व तेथे शाईने खूण करावयाची असते. शिकलेली परिचारिका ही खूण करू शकते. जगातल्या जाणत्या रुग्णालयांत ती करतेच. परंतु खुर्चीवर बसणाऱ्या माणसाचे पोट आणि उकिडवे बसून ऊस तोडणाऱ्या माणसाचे पोट सारखे दुमडत नाही. आपली बाई परकराची नाडी जेथे बांधते, पुरुष धोतराचा सोगा जेथे खोवतो, डोक्यावर मोळी घेताना पोट जेथे ताणते, तेथे पिशवी आली तर ती रोज सुटणार. हे पुस्तकात लिहिलेले नसते. हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या परिचारिकेलाच सुचेल. म्हणून आमचा आग्रह असा की हे ज्ञान आपल्याच मुलींनी मिळवावे. तातडीच्या शस्त्रक्रियेत खूण करण्यास सवड नसते हे आम्ही जाणतो. पण ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत रोग्याच्या नातेवाइकांनी ‘खूण केली का?’ असे विचारण्यास लाजू नये.

हे शास्त्र कोणी उभे केले ते पाहिले तर आपल्या मुलींना हुरूप यावा. डेन्मार्कमधील एलिसे सोरेन्सन नावाच्या परिचारिकेची बहीण थोरा स्टोम्यामुळे घराबाहेर पडेना, म्हणून एलिसेने १९५४ साली पोटाला चिकटणाऱ्या पिशवीची कल्पना काढली. ती करून देण्यास कारखानदार तयार होईनात. आगे लुई-हान्सेन यांनी अखेर ती केली, तेही त्यांच्या पत्नीने आग्रह धरल्यामुळे, आणि त्या पत्नीही परिचारिकाच होत्या. अमेरिकेत क्लीव्हलँड येथे डॉ. रूपर्ट टर्नबुल यांच्याकडे नॉर्मा गिल या बाईंवर इलिओस्टॉमी झाली होती. त्या परिचारिका नव्हत्या. स्वतःच्या अनुभवावर त्या इतर रोग्यांना शिकवू लागल्या, १९५८ साली डॉक्टरांनी त्यांना त्याच कामावर नेमले आणि १९६१ पासून तेथे रीतसर शिक्षण सुरू झाले. ज्याने सोसले त्यालाच शिकवता आले.

याच टर्नबुल यांची आणखी एक गोष्ट शेतीच्या पानावर शोभेल. सोललेल्या कातडीवर त्यांनी जी पूड वापरली ती एका झाडाच्या डिंकाची होती आणि ते झाड आपले आहे. मराठीत त्याला कांडोळ अगर कडाया म्हणतात, गुजरातीत कडायो. पांढऱ्या सालीचा हा वृक्ष डोंगरउतारावरील कोरड्या रानात उभा असतो. पाणी शोषून फुगणारा त्याचा डिंक भारतातून जगभर जातो. आपल्या आदिवासी बांधवांनी गोळा केलेला डिंक परदेशातल्या रोग्यांची कातडी वाचवीत होता व त्याच गोळा करणाराच्या घरी असा रोगी झाला तर त्याला जुनेर गुंडाळावे लागे! आता अधिक चांगले लेप निघाले आहेत. कोणी रानातून डिंक आणून जखमेवर थापू नये, तो शुद्ध केलेला नसतो.

आपल्या देशात हे काम मुंबईत रुजले. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाशी निगडित असलेली ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९७५ पासून काम करीत आहे. स्वतः पिशवी वापरणारी माणसे तेथे नव्या रोग्याशी बोलतात. टाटा रुग्णालयात परिचारिकांसाठी या विषयाचे खास शिक्षणही दिले गेले आहे. सुरतेहून मुंबई काही तासांच्या अंतरावर आहे. हिरे जातात, कापड जाते, एक परिचारिका जाऊ नये?

यावर एक आक्षेप येईल, व तो अगदीच खोटा नाही. आपल्या छोट्या दवाखान्यात असे रोगी वर्षाकाठी मोजके. त्यांच्यासाठी एका मुलीला पाठवून तिचा पगार व खर्च सोसणे परवडेल काय? त्याच पैशात किती तरी तापाच्या रोग्यांची औषधे येतील. आम्ही याचा विचार केला आहे. आमचे उत्तर असे की तापाच्या रोग्याला औषध देणारे पुष्कळ आहेत, याला कोणी नाही. शिवाय जी मुलगी एवढे शिकेल ती मधुमेहाच्या पायाची जखम आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या पाठीचे व्रणही नीट हाताळील, कारण हे ज्ञान मुळात कातडीचे व जखमेचे आहे. अशा रोग्यांची आपल्याकडे मुळीच वाण नाही. आणि एकीने सर्व शिकून इतरांनी काहीच न शिकणे आम्हांला अभिप्रेत नाही. तिने परतल्यावर आसपासच्या आरोग्य केंद्रांतील परिचारिकांना व आशा बहिणींना कातडी, पाणी-मीठ आणि पिशवीचे माप एवढे तरी हाताने करून दाखवावे. कागद वाचून दाखवू नये.

पैशाविषयी आणखी एक. आयुष्मान योजनेत रुग्णालयातून सुटल्यानंतर पंधरा दिवसांपर्यंतचा औषधोपचार धरलेला आहे. पिशवी तर महिनोन्‌महिने लागते. रोजंदारीच्या घरात ती परवडत नाही म्हणून फाटलेली पिशवी धुऊन चिकटपट्टीने पुन्हा लावतात, आणि कातडी जाते. दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात आपण तेल व द्राक्षारस ओतल्याचे लक्षात ठेवतो. त्याने दुसऱ्या दिवशी खाणावळवाल्याच्या हातात दोन नाणी ठेवली व पुढचा खर्चही कबूल केला, याकडे प्रवचनकारांचे फारसे लक्ष जात नाही. त्या दोन नाण्यांचा हिशेब आपल्या धर्मग्रामाने करावा असे आम्हांला वाटते. संत विन्सेंट दी पॉल सोसायटीपुढे आम्ही ही सूचना ठेवणार आहोत.

मुकादम मंडळींनाही चार शब्द. पिशवीवाल्या मजुराला सुरुवातीचे दोनतीन महिने मोळी उचलावयास लावू नये. स्टोम्याशेजारी पोटाची भिंत कमकुवत असते, तेथून आतडे बाहेर फुगते. उचल दिली आहे म्हणून त्याच्याकडून ट्रक भरून घेणे हे पाप आहे, आणि आम्ही तो शब्द विचारपूर्वक वापरीत आहोत. पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला वाढे बांधणे, बैल पाहणे, अशी हलकी कामे करता येतात. तो कायमचा पांगळा झालेला नाही.

ज्या घरात असा रोगी असेल त्यांनी त्याला रुग्णालयातून आणण्यापूर्वी परिचारिकेसमोर रोग्याने स्वतः एकदा व घरातील एका माणसाने एकदा पिशवी बदलून पाहावी. तोवर सुटीच्या कागदावर अंगठा करण्याची घाई करू नये. जे आधीच घरी आले आहेत त्यांची माहिती टोळ्या येण्याच्या आत आम्हांला मिळाली तर बरे होईल. मिस्सेनंतर सांगावे. सर्वांसमक्ष सांगणे अवघड वाटत असेल तर दानपेटीत चिठ्ठी टाकावी, नाव न घालता नुसती वस्ती लिहिली तरी पुरे. धर्मभगिनी संध्याकाळी अंधार पडल्यावर येऊन जातील.